बायकांची गाडी आणि बर्फाची वाट



विजेवरची दुचाकी आता तालुक्याच्या गावात नवलाची राहिलेली नाही. बाजारच्या दिवशी विजेवरची रिक्षाही दिसते. ती पाहिली की बाया सगळ्यात आधी एकच विचारतात, ‘अर्ध्या वाटेत चार्जिंग संपलं तर?’ प्रश्न साधा आहे, पण तो सव्वाशे वर्षांचा जुना आहे, आणि बायकांशी त्याचं नातं फार जवळचं आहे. म्हणून आजच्या भाषणात आम्ही त्याचाच इतिहास सांगणार आहोत. शेवटी आपण नॉर्वे नावाच्या देशात जाणार आहोत. भर हिवाळ्यात, बर्फातून, विजेच्या गाडीने पाचशेच्या आसपास किलोमीटर. पण तिथवर पोचायला थोडा वळसा घ्यावा लागेल.

पहिली गोष्ट जर्मनीतली. साल १८८८, महिना ऑगस्ट. कार्ल बेंझ या कारागिराने पेट्रोलवर चालणारी तीन चाकांची गाडी बनवली होती, पण ती घ्यायला कुणी तयार नव्हतं. त्याची बायको बर्था एके दिवशी नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या गाडीत बसली आणि मॅनहाइमहून निघाली. कुठे? माहेरी. प्फोर्झहाइमला, शंभर किलोमीटरच्या वर. थोरला मुलगा पंधरा वर्षांचा, धाकटा तेरा-चौदाचा. रस्त्यात पेट्रोल पंप नव्हता, कारण जगातच पेट्रोल पंप नव्हता. मग तिने काय केलं? व्हीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून कपड्यावरचे डाग काढायचा द्राव विकत घेतला आणि टाकीत ओतला. गाडी त्यावरच चालायची. इंधनाची नळी तुंबली तर टोपीला लावायच्या पिनेने मोकळी केली. लाकडी ब्रेक झिजले तर चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. इंजिन तापायचं म्हणून जिथे मिळेल तिथे पाणी भरलं.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम आधी सांगितली. पेट्रोलची गाडी ‘कुठेही जाते’ असं आपण आज म्हणतो, ते काही गाडीच्या अंगचे गुण नव्हेत. वाटेत इंधन कुठे मिळेल, पाणी कुठे मिळेल, दुरुस्ती कोण करेल, हे त्या बाईला स्वतः शोधावं लागलं. पुढे गावोगावी दुकानं झाली, पंप झाले, मेकॅनिक झाले, म्हणून गाडी कुठेही जाऊ लागली. वारीला निघालेल्या दिंडीचं पाहा ना. मुक्काम ठरलेले, पाण्याचा टँकर ठरलेला, जेवण कुठल्या गावात तेही ठरलेलं. म्हणून म्हातारी माणसंसुद्धा पंढरपूर गाठतात.

आता विजेच्या गाडीकडे येऊ. ती पेट्रोलच्या गाडीची नात असेल असं वाटतं, पण ती तिच्या बरोबरीची आहे. १९०० साली अमेरिकेत ज्या गाड्या तयार झाल्या त्यांत तिनातली एक तरी विजेवरची होती. वाफेच्या गाड्या होत्या, पेट्रोलच्या सगळ्यात कमी. पेट्रोलची गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून लोखंडी दांडा जोर लावून फिरवायचा. तो दांडा उलटा फिरला तर मनगट मोडायचं. हिवाळ्यात तर तेल घट्ट व्हायचं, दांडा हलता हलायचा नाही. वर धूर, वास आणि आवाज. विजेच्या गाडीत बसायचं, एक कळ सरकवायची, की ती निघाली. थंडीच्या दिवसांत रात्री-अपरात्री रोग्याकडे जाणारे शहरातले डॉक्टर ही गाडी पसंत करत, आणि बायकाही.

कारखानदारांच्या हे लगेच लक्षात आलं. १९०७ पासून डेट्रॉइट शहरात ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ नावाच्या गाड्या तयार होऊ लागल्या. चहूबाजूंनी काचा लावलेली बंद खोलीच जणू, आत मऊ गाद्या, कधी फुलदाणीसुद्धा. जाहिरातीत चित्र बाईचं. पेट्रोलच्या गाड्यांचा मोठा कारखानदार हेन्री फोर्ड, त्याची बायको क्लारा स्वतः मात्र डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. आम्हाला या गोष्टीची गंमत वाटते. नवरा जगाला पेट्रोलची गाडी विकतोय आणि घरची धनीण विजेच्या गाडीतून फिरतेय.

पण या कौतुकाच्या पोटात एक गोष्ट दडलेली होती. ही गाडी एका चार्जिंगमध्ये सुमारे १३० किलोमीटर जाते असं कंपनी सांगायची. वेग ताशी तीसेक किलोमीटर. घरची बॅटरी रात्री घरीच भरायची. म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी घरी आलंच पाहिजे. त्या काळचे पुरुष म्हणत, मग बिघडलं कुठे? बाईला जायचं असतं कुठे? दुकानात, मैत्रिणीकडे, चर्चमध्ये. लांबचा प्रवास पुरुषाने करायचा, पेट्रोलच्या गाडीने. गाडीची मर्यादा ही बाईची मर्यादा ठरवून टाकली, आणि ती सोय म्हणून विकली. दावं लांब दिलं म्हणून गाय मोकळी होत नाही. त्या गाड्यांतून बायका फिरल्या, स्वतःच्या हाताने फिरल्या, हेही खरं. त्याचं मोल आम्ही कमी करत नाही. पण कुंपण शहराच्या वेशीवर होतं.

ते कुंपण खरोखर बॅटरीचं होतं का? डेन्व्हर शहरातल्या ऑलिव्हर फ्रिचल नावाच्या रसायन जाणणाऱ्या माणसाला तसं वाटत नव्हतं. तो स्वतः बॅटरी बनवायचा आणि एका चार्जिंगमध्ये शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर जाणारी गाडी विकायचा. लोकांचा विश्वास बसेना. त्याने इतर विजेच्या गाड्या बनवणाऱ्यांना शर्यतीचं आव्हान दिलं. कुणी पुढे आलं नाही, तेव्हा हा एकटाच निघाला. १९०८ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस, थंडी पडायला लागते त्या दिवसांत, नेब्रास्का राज्यातल्या लिंकन गावातून निघून तो नोव्हेंबरच्या अखेरीस न्यूयॉर्कला पोचला. अंतर सुमारे १,८०० मैल, म्हणजे २,९०० किलोमीटरच्या आसपास. प्रत्यक्ष गाडी चालली ते दिवस वीस-एकवीस. दिवसाला सरासरी दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर. रस्ते बहुतेक मातीचे.

आजच्या भाषेत सांगायचं तर हिवाळ्याच्या तोंडावर चार्जिंगचा बेत आखून विजेच्या गाडीने केलेला हा लांबचा प्रवास होता, एकशे पंधराहून अधिक वर्षांपूर्वी. बेताचं मर्म तेच: आज जिथे थांबायचं तिथे वीज हवी. ज्या गावात वीजघर नाही, ते गाव मुक्कामाला चालणार नाही. त्या काळी लहान गावांतली वीजघरं बरेचदा दिवे लावण्यापुरती, संध्याकाळनंतरच चालत. म्हणजे वेळसुद्धा विजेची, आपली नव्हे. शेतीपंपाला रात्रीची वीज मिळते तेव्हा घड्याळ कुणाचं चालतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

फ्रिचल पोचला खरा, पण त्याच्या मागून लोक गेले नाहीत. कारण गावांत वीजच नव्हती. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दर दहा शेतकरी घरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. हो, अमेरिकेत! वीज कंपन्या म्हणायच्या, इतक्या लांब तारा टाकणं परवडत नाही. पेट्रोल मात्र डब्यात भरून कुठल्याही किराणा दुकानात पोचत होतं. म्हणजे शर्यत दोन गाड्यांची नव्हतीच. डबा पोचला आणि तार पोचली नाही, एवढंच झालं. त्यात १९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगची युक्ती आली. छोटी बॅटरी आणि छोटी मोटर लावून पेट्रोलचं इंजिन आपोआप सुरू व्हायला लागलं. दांडा फिरवायचं काम संपलं. ज्या विजेमुळे बायका विजेची गाडी घेत होत्या, तीच वीज पेट्रोलच्या गाडीच्या पोटात जाऊन बसली आणि विजेच्या गाडीचं दुकान बसलं. बॅटरीने बॅटरीचा घात केला म्हणा.

अमेरिकेतल्या खेड्यांचं पुढे काय झालं, ते दोन वाक्यांत सांगतो, कारण त्याचा धागा आपल्याकडे येतो. १९३५ साली सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं, त्यातून कर्ज मिळालं, आणि शेतकऱ्यांनी वर्गणी काढून स्वतःच्या वीज सहकारी संस्था उभ्या केल्या. तोच नमुना पुढे भारतात आला आणि आपल्या नगर जिल्ह्यात श्रीरामपूर भागात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था उभी राहिली. साखर, दूध यांसारखी वीजही सहकारातून वाटणारी. ती २०११ पर्यंत चालली. आपल्यातल्या काही जणींच्या सासरी-माहेरी तिची बिलं आली असतील.

आता नॉर्वे. युरोपच्या अगदी उत्तरेला, लोकसंख्या साधारण ५५ लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. डोंगर, बर्फ आणि धबधबे. जवळजवळ सगळी वीज पाण्यापासून. आज तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी जवळपास सगळ्या विजेच्या आहेत. २०२४ साली शंभरातल्या ८९ होत्या. आणि हा देश थंडीचा. बॅटरीला ज्याचं सगळ्यात वावडं, ती थंडी.

हे एका रात्रीत झालं नाही. १९८९ च्या सुमाराला ‘अ-हा’ नावाच्या गाणाऱ्यांच्या गटातले दोघे आणि पर्यावरणाचा कार्यकर्ता फ्रेडरिक हाउगे यांनी स्वित्झर्लंडहून एक छोटी, विजेवर चालेल अशी करून घेतलेली गाडी आणली. ती घेऊन ते टोलनाक्यावरून पैसे न देता जात. दंड व्हायचा, तो ते भरत नसत. शेवटी सरकारने गाडी जप्त करून लिलावात काढली, तर लिलावात यांनीच ती परत घेतली आणि पुन्हा नाक्यावर हजर! मागणी एकच, धूर न सोडणाऱ्या गाडीला कर आणि टोल नको. १९९० मध्ये आयातीचा कर उठला, १९९७ मध्ये टोल माफ झाला, २००१ मध्ये विक्रीवरचा कर गेला. पेट्रोलच्या गाडीवर मात्र कर जबर राहिला. हे सगळं त्या देशाला झेपलं, कारण तो तेल विकून श्रीमंत झालेला आहे. तेही सांगितलं पाहिजे. दुसऱ्याला तेल विकून स्वतःच्या घरी विजेवर फिरायचं, यात थोडी चलाखी आहे, असं आमचं मत.

तरीही पहिली वीस वर्षं तिथेही विजेची गाडी म्हणजे घरातली दुसरी गाडी. छोटी, शहरात फिरायची. आपल्या बंगळुरूला बनलेली ‘रेवा’ ही चिमुकली गाडीसुद्धा तिथे विकली गेली. डोंगरातल्या घरी जायचं तर पेट्रोलचीच गाडी निघायची. डेट्रॉइटचं कुंपण ओस्लोलाही होतंच. ते तुटलं दोन गोष्टींनी. बॅटऱ्या मोठ्या झाल्या, ही एक. आणि दुसरी, सरकारने पैसे घालून मुख्य रस्त्यांवर दर पन्नास किलोमीटरला जलद चार्जिंगची सोय उभी करायचं ठरवलं, जिथे गाड्या कमी जातात आणि धंदा होत नाही तिथेसुद्धा. आमच्या मते खरी गोष्ट ही दुसरी. चार माणसं राहतात त्या वाडीला एसटी जावी की नाही, तसाच हा प्रश्न.

आता थंडीत होतं काय, ते समजून घेऊ. खोबरेल तेल हिवाळ्यात थिजतं, बाटलीतून पडत नाही. बॅटरीच्या आत विजेचे कण ज्या द्रवातून ये-जा करतात तो थिजत नाही, पण त्यातली हालचाल मंदावते. त्यामुळे बॅटरी वीज देतेही कमी आणि घेतेही हळू. गार बॅटरीत जोराने वीज भरली तर ती खराब होऊ शकते, म्हणून गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते. शिवाय आत बसलेल्यांना ऊब हवी. पेट्रोलच्या इंजिनाची उष्णता वायाच जाते, ती आत सोडली की झालं, फुकटची ऊब. चुलीजवळ बसल्यासारखं. विजेच्या गाडीत चूल नाही. ऊब बॅटरीतल्याच विजेतून काढावी लागते. रस्त्यावर ओला बर्फ असला तर चाकांना ओढही जास्त लागते.

नॉर्वेची वाहनचालकांची मोठी संघटना २०२० पासून दर हिवाळ्यात एक चाचणी घेते. अनेक गाड्या एकाच दिवशी ओस्लोहून निघतात आणि पार बंद पडेपर्यंत चालवतात. कंपनीने सांगितलेल्या अंतरापेक्षा काही गाड्या थोड्याच कमी जातात, काही चौथ्या हिश्श्याहूनही कमी पडतात. लोक निकालाची वाट बघतात, कारण कंपनीच्या कागदापेक्षा शेजाऱ्याचा अनुभव खरा.

आता बेत आखू. ओस्लोहून बर्गनला जायचं, फेब्रुवारी महिन्यात, हार्डांगरव्हिडा नावाच्या पठारावरून. अंतर पाचशेच्या आत-बाहेर. समजा कंपनी म्हणते गाडी ४५० किलोमीटर जाते. थंडीसाठी तीस टक्के वजा केले, उरले ३१५. पण बॅटरी पार रिकामी करायची नाही, पंधरा टक्के शिल्लक ठेवायची. आणि वाटेत ती काठोकाठ भरायचीही नाही, कारण ऐंशी टक्क्यांनंतर भरणं फार मंद होतं, तेवढ्यात मागे रांग लागते. म्हणजे ऐंशीपासून पंधरापर्यंतचा पट्टाच वापरायचा. तो झाला साधारण २०० किलोमीटरचा. कंपनीचे साडेचारशे आणि आपले दोनशे. हिशेबाच्या वहीत उत्पन्न लिहिताना आपण जसं पाऊस पडेलच असं धरत नाही, तसंच हे.

सकाळी घरून निघताना गाडी तारेला लावलेली असतानाच आतून गरम करून घ्यायची, म्हणजे ऊब घराच्या विजेवर. शंभर टक्के भरून निघायचं. पहिला थांबा गोल गावी, सुमारे १९० किलोमीटरवर. जलद चार्जिंगला पोचण्याआधी गाडीला आधीच सांगून ठेवायचं, म्हणजे वाटेतच ती बॅटरी कोमट करून ठेवते. हे न केल्याने किती गोंधळ होतो ते २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या शिकागो शहराने पाहिलं. कडाक्याच्या थंडीत चार्जिंगच्या जागी गार बॅटरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या आणि काही गाड्या रांगेतच बंद पडल्या. त्याहून जास्त थंडी सोसणाऱ्या नॉर्वेत रोजचं चाललंय ते चाललंयच. फरक सवयीचा आणि जागोजागच्या सोयीचा. तिथेही इस्टरच्या सुटीत रांगा लागतात बरं का, सगळे एकाच दिवशी निघतात म्हणून. दिवाळीच्या आदल्या दिवशीचा आपला एसटी स्टँड आठवा.

मग याइलो. हे पठाराच्या पायथ्याचं शेवटचं मोठं गाव. इथे दोनशे किलोमीटरचा हिशेब बाजूला ठेवायचा. पुढे एइडफ्योर्डपर्यंत फक्त नव्वदेक किलोमीटर आहेत, तरी इथे बॅटरी भरून घ्यायची, गरजेपेक्षा जास्त. कारण पुढचा रस्ता साडेबाराशे मीटर उंचीवर जातो, महाबळेश्वरच्या जवळपास तेवढाच. पण झाड नाही, आडोसा नाही, वारा आणि उडता बर्फ. वादळ झालं तर फाटक बंद होतं. मग बर्फ काढणारं मोठं वाहन पुढे आणि त्याच्यामागे गाड्यांची ओळ, असा काफिला सोडतात. त्यासाठी तासन्‌तास थांबावं लागू शकतं, आणि थांबलं तरी ऊब लागतेच. काफिल्यात जायचं तर गरम कपडे आणि पुरेसं इंधन किंवा वीज जवळ हवी. ओळीतली एक गाडी बंद पडली तर मागची सगळी अडकतात. मधे थांबायचं नाही, पुढच्याचे दिवे नजरेआड होऊ द्यायचे नाहीत, एकट्याने वळायचं नाही.

पठार ओलांडलं की रस्ता सरळ समुद्राच्या पातळीपर्यंत उतरतो, बोगद्यांतून वळणं घेत. उतारावर ब्रेकऐवजी मोटरच उलटं काम करते, चाकांच्या जोरावर वीज तयार करून बॅटरीत परत घालते. वर थंडीने आणि चढाने खाल्लेली थोडी वीज इथे परत मिळते. एइडफ्योर्डला पोचेपर्यंत पडद्यावरचा आकडा वरच्यापेक्षा दोन-चारने वाढलेला दिसतो. तिथून व्हॉस, आणि व्हॉसहून बर्गन शंभरेक किलोमीटर.